पन्हाळ्यावरचे गुरुवार

"हितं तीन गोष्टी ध्यानात ठेवा," फाटकाची कडी काढता काढता गऊबाई म्हणाली. "सिनेमाचं नाव काढायचं न्हाई. फोटो मागायचा न्हाई. आणि बाईसाब काय बोलल्या न्हाईत तर राग मानायचा न्हाई. त्या कुणाशीच बोलत न्हाईत."

"मग घरात बोलतं कोण?" मी विचारलं.

"मी," गऊबाई म्हणाली. "सोळा वर्सं झाली, या घरात मी एकटीच बोलत्या."

हे १९७३च्या नोव्हेंबरातलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. म्हैसूरला जाऊन वाचा-उपचाराचं शिक्षण घेतलं होतं आणि मिरजेच्या एका इस्पितळात नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तोतरी मुलं, अर्धांगात वाचा गेलेले म्हातारे आणि घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढून टाकलेली माणसं, असे माझे पेशंट. एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावून सांगितलं, "रूथ, पन्हाळ्यावर एक बाई आहेत. ऑपरेशन होऊन सोळा वर्षं झाली, आता बोलायला शिकायचं म्हणतात. खाली यायला तयार नाहीत. दर गुरुवारी तुझ्यासाठी गाडी पाठवतील." मग जरा थांबून म्हणाले, "घर शशिप्रभाचं आहे. बाहेर बोलू नकोस."

शशिप्रभा म्हणजे कोण, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं. अकरा वर्षांत तेरा चित्रपट. आमच्या घरी सिनेमा म्हणजे पाप, पण माझी आई, मिशनच्या शाळेतली कडक मास्तरीण, तिचा प्रत्येक चित्रपट बाबांना न सांगता बघून आली होती. चेहरा देखणा होताच, पण लोक जीव टाकत ते तिच्या आवाजावर. एका चित्रपटात नवऱ्याचं घर सोडताना ती उंबऱ्यात उभी राहून म्हणते, "वाट माझी आहे. तुम्ही फक्त बाजूला व्हा." हे वाक्य म्हणे मिरजेचे टांगेवालेसुद्धा रस्त्यात म्हणायचे. आणि मग चौतिसाव्या वर्षी, सगळं भरात असताना, तिनं काम सोडलं आणि दिसेनाशी झाली. कुणी म्हणे एका संस्थानिकानं फसवलं, कुणी म्हणे चेहरा भाजला, कुणी तर तिला हृषीकेशला भगव्या वस्त्रात पाहूनही आलं होतं. ती होती कोल्हापूरपासून पाच कोसांवर, पन्हाळ्याच्या धुक्यात.

माझी पेशंट मात्र ती नव्हती. पेशंट होत्या तिच्यासोबत राहणाऱ्या सगुणाबाई पेडणेकर. पंचावन्नच्या आसपासच्या, ठेंगण्या, सावळ्या. लहानपणी देवी आलेल्या, त्याचे वण चेहराभर. गळ्यात पांढऱ्या मलमलीचा रुमाल. स्वरयंत्र काढलं की माणूस नाकानं नाही, गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतो. तो रुमाल त्यावर होता. हातात कायम एक वही आणि शिसपेन्सिल.

आणि खिडकीशी, प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून, शशिप्रभा. केस पिकले होते, चेहरा तसाच होता. मी नमस्कार केला. तिनं मान लववली आणि बाहेर पाहू लागली. तीन गोष्टींपैकी तिसरी मी लगेच मोडली. मला राग आला.

पाय कसा मोडला ते गऊबाईनं सांगितलं. परसातल्या हौदाच्या पायऱ्यांवरून बाईसाब घसरल्या, आणि गऊबाई नेमकी बाजाराला गेलेली. "सगुणाक्कांना हाक कशी मारता यावी? त्यांनी परात घेतली, बत्ता घेतला आणि फाटकात हुबं ऱ्हाऊन अर्धा तास बडवत बसल्या. शेजारचा माळी समजला, पूजा चाललीया. मी येईपातूर बाईसाब तशाच थंडीत पडून."

सगुणाबाईंनी वहीत लिहून मला दाखवलं : 'बाकी काही नको. एक हाक मारता आली पाहिजे.'

मी शिकवायला सुरुवात केली. स्वरयंत्र नसलं तरी बोलता येतं. हवा तोंडानं अन्ननलिकेत ओढायची आणि तीच वर सोडताना ओठांनी, जिभेनं तिचे शब्द करायचे. 'प', 'ट', 'क' ही अक्षरं आधी येतात. मी स्वतः करून दाखवलं, "प. पाट. काका."

सगुणाबाईंनी ऐकलं आणि लिहिलं : 'ही तर ढेकर आहे.'

"हो," मी म्हटलं. "पण ती शहाणी झाली की तिचंच बोलणं होतं."

त्या हसल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांनी एकदा हवा ओढली, एक घोगरा, फुटका आवाज निघाला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तोंड उघडलंच नाही. गाडी मला आणायची, गऊबाई चहा आणि थालीपीठ द्यायची, मी तासभर 'प' आणि 'ट' करत बसायची आणि परत जायची. खिडकीतली बाई बघत राहायची. एका शब्दानं कधी "आलीस का?" नाही, "बस" नाही.

सहाव्या गुरुवारी सगुणाबाईंनी वही पुढे केली : 'असल्या आवाजात बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं. माझा आवाज काय होता ते तुला ठाऊक नाही, पोरी.'

"सगळेच पेशंट असं म्हणतात, सगुणाबाई," मी म्हटलं. सव्वीस वर्षांची होते. आज मी असं म्हणणार नाही.

खिडकीतून शशिप्रभानं चमकून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यानं माझा उरलासुरला संयम गेला. मी सरळ तिच्याकडे वळले.

"बाईसाहेब, मला नियम माहीत आहेत, तरी बोलते. यांना शिकवायला मी आठवड्यातून एक तास येते. उरलेला सगळा वेळ तुम्ही यांच्यासोबत असता. ज्या घरात कुणी बोलतच नाही, तिथं माणूस बोलायला शिकणार कसं? तुमच्याकडे तर असा आवाज आहे की अख्खा महाराष्ट्र कानात जपून बसलाय. तो या एका बाईसाठी काढायला तुम्हाला काय जड जातं?"

गऊबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. सगुणाबाई भराभर काहीतरी लिहू लागल्या, मग पान फाडून त्यांनी मुठीत चुरगाळलं. मी पिशवी उचलली.

"पुढच्या गुरुवारी गाडी पाठवू नका. खाली माझे वीस पेशंट आहेत, त्यांना शिकायचंय."

मी दारापर्यंत पोचले असेन.

मागून आवाज आला. आवाज म्हणजे आधी नुसता श्वास अडकल्याचा, मग एकाच अक्षराचे धक्के. "थ... थ... थ..."

मी वळले. शशिप्रभाचे डोळे घट्ट मिटलेले होते, जबडा एका बाजूला ओढला गेला होता, मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होती. त्या चेहऱ्यावर, ज्याचं मासिकातलं चित्र माझ्या आईनं बायबलात खूण म्हणून लपवलं होतं, मी माझ्या तोतऱ्या पेशंटांमध्ये शंभरदा पाहिलेली गोष्ट पाहत होते.

"थांबा," शेवटी शब्द सुटला.

मी पिशवी खाली ठेवली आणि येऊन तिच्यासमोर बसले. अशा वेळी काय करायचं एवढं मला येत होतं. बघत राहायचं, घाई करायची नाही आणि समोरच्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही.

"तो माझा आवाज न... नाही," ती म्हणाली. "हि... हिचा."

पुढचं सांगायला तिला तासाहून जास्त लागला. मी ते इथं सरळ लिहिते, तेव्हा ते सरळ नव्हतं. तिचं खरं नाव पुतळा. कागलजवळच्या खेड्यातली. बोलताना अडखळते म्हणून गावात 'तोतरी' म्हणायचे, म्हणून ती बोलायचीच नाही. तेविसाव्या वर्षी कोल्हापूरच्या स्टुडिओत घोळक्यातल्या बायकांत उभं राहायला गेली. दिग्दर्शकानं चेहरा पाहिला, चार ओळी म्हणायला लावल्या, आणि कपाळावर हात मारला. त्याच घोळक्यात नाटक कंपनी मोडल्यामुळे आलेली सगुणा होती. आवाज असा की ऐकणाऱ्यानं वळून बघावं, आणि वळून पाहिलं की लोक मान फिरवायचे. दिग्दर्शकानं दोघींना एकत्र केलं. कॅमेऱ्याच्या खाली, चौकटीबाहेर, सगुणा पाटावर बसायची आणि बोलायची. माईक तिच्या तोंडाशी. समोर पुतळा ओठ हलवायची. सेटवरच्या आठ-दहा माणसांना ठाऊक होतं, त्यांना शपथ घातली होती. पडद्यावर नाव एकीचंच आलं. तेरा चित्रपट.

"आणि मग यांचा घसा..." मी म्हटलं.

तिनं मान हलवली. सत्तावन्न साली मुंबईत ऑपरेशन झालं. चौदावा चित्रपट अर्धा झाला होता. निर्मात्यांनी दुसरी मुलगी आणली. आवाज चांगला होता तिचाही, असं पुतळाबाईंनी दोनदा सांगितलं. "ती माझ्या प... पायाशी पाटावर बसली. बोलली. माझे ओठ हललेच नाहीत." तीन वेळा कॅमेरा चालू झाला, तीन वेळा बंद. मग ती उठली आणि नऊवारी शालूतच मुंबईची गाडी पकडून इस्पितळात गेली. त्यानंतर तिनं कॅमेऱ्यापुढे पाऊल ठेवलं नाही. लोकांसमोर यायचीही सोय उरली नव्हती. जो भेटेल तो म्हणणार, बाई, ते वाक्य एकदा म्हणून दाखवा.

"यांना वाटतं, यांच्यामुळे तुमचं सगळं गेलं," मी सगुणाबाईंकडे बघत म्हटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या नेहमीप्रमाणे बिनआवाजी रडत होत्या. स्वरयंत्र नसलेल्या माणसाला हुंदकाही नसतो.

पुतळाबाई त्यांच्याकडे वळल्या. आता त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"तुला त्या आवाजाची ला... लाज वाटते ना? मग ही बघ माझी. आज प... परक्या माणसापुढं काढली. सोळा वर्षं दोघी गप्प बसलो, सगुणा. मी हौदावर पडले होते, आणि तू प... परात वाजवत होतीस. पुरे झालं आता. बोल."

सगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. गळ्यावरचा रुमाल सारखा केला. हवा ओढली. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा घोगरं, फुटकं, पण तीन तुकड्यांत अगदी स्पष्ट आलं :

"पु. त. ळा."

गऊबाईनं चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती तिथंच बसली. "आगं बया," एवढंच म्हणाली, आणि मग त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही.

*

शिकण्याचा वेग त्यानंतर मला आवरेना. संक्रांतीपर्यंत सगुणाबाई 'चहा टाक' आणि 'कपडे आत आण' म्हणू लागल्या, होळीपर्यंत गऊबाईशी भांडू लागल्या. आवाज खडबडीतच राहिला, पण त्यांच्याजवळ वेळेची जाण होती, कुठं थांबायचं ते कळत होतं. आवाज गेला तरी ते जात नाही.

एका गुरुवारी मी वर्तमानपत्र समोर ठेवलं आणि पुतळाबाईंना म्हटलं, "यांना सलग वाचायची सवय व्हायला हवी. तुम्ही सोबत वाचा, म्हणजे त्या मध्येच थांबणार नाहीत." कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्याची बातमी होती. दोघींनी एकदम सुरू केलं. दोन ओळी झाल्या, चार झाल्या. मी सगुणाबाईंचे शब्द ऐकत होते, म्हणून दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. पुतळाबाई अडखळत नव्हत्या. एका अक्षरावरही नाही. त्यांचा स्वतःचा आवाज, थोडा जाडसर, कागलकडचा हेल असलेला, त्या घोगऱ्या आवाजाच्या हाताला धरून सरळ चालला होता.

अडखळणारा माणूस दुसऱ्याच्या सोबतीनं बोलला की अडखळत नाही. हे मी म्हैसूरला पुस्तकात वाचलं होतं, दोन ओळींत.

"पुतळाबाई," मी विचारलं, "सेटवर तुम्ही नुसते ओठ हलवत होता की बोलतही होता?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ब... बोलत होते," त्या म्हणाल्या. "हळू. हिला ऐकू जाईल एवढंच. आयुष्यातलं माझं सरळ बोलणं तेवढंच."

"म... ला... कळत... होतं," सगुणाबाई म्हणाल्या. "ती... दमली... की... मी... थांबायची."

मला तेव्हा त्या बाईनं काम का सोडलं ते कळलं. निष्ठा वगैरे गोष्टी नंतरच्या. त्या चौदाव्या चित्रपटाच्या सेटवर नवी मुलगी बोलत होती, पण पुतळाबाईंच्या सोबतीनं बोलणारं, त्या दमल्या की थांबणारं कुणी नव्हतं.

*

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे चौगुले म्हणून एक गृहस्थ आले. सांगलीच्या हळद बाजारात सौदे पुकारणारे. उभा बाजार गप्प करणारा गळा, तोच कापावा लागला. ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. बायको आली तरी वळायचे नाहीत. मी पन्हाळ्याला गेले तेव्हा सहज हे सांगितलं. सहज म्हणते, पण कदाचित सहज नसेल.

सगुणाबाईंनी विचारलं, "कधी... येऊ?"

मी पुतळाबाईंकडे पाहिलं. अठरा वर्षांत त्यांनी गड सोडला नव्हता.

"ही एकटी क... कशी जाईल?" त्या म्हणाल्या.

दोघी आल्या. साध्या सुती साड्या, पायात वहाणा. वॉर्डात कुणाचं लक्षही गेलं नाही. सगुणाबाई चौगुल्यांच्या खाटेशी बसल्या, त्यांच्या पाठीला म्हणाल्या, "पाणी... प्या... आधी. मग... रुसा."

चौगुले गर्रकन वळले. बाईच्या गळ्यावरचा रुमाल त्यांनी पाहिला, तोंडाकडे पाहिलं. उशीखालचा कागद काढून त्यांनी लिहिलं, 'तुमचा आवाज आधीपासून असाच होता का?'

सगुणाबाईंनी कागद वाचला आणि खाली ठेवला. तेव्हा मागे उभ्या असलेल्या पुतळाबाई पुढे आल्या. मी त्यांना थांबवणार होते. वॉर्डात वीस खाटा होत्या, नर्स होत्या, नातेवाईक होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "हि... हिचा आवाज तुम्ही ऐकलाय. शशिप्रभाच्या सि... सिनेमात ऐकलाय. ती शशिप्रभा मी. बोलत ही होती. सगुणा प... पेडणेकर हिचं नाव."

एक नर्स इंजेक्शन भरता भरता थांबली. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठून बसला. चौगुले दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. मग ते उठून बसले, चादर सारखी केली आणि सगुणाबाईंना हात जोडले. देवळात जोडतात तसे. पाण्याचं भांडं त्यांनी स्वतःच उचललं.

परत जाताना गाडी नको, असं सगुणाबाईंनी ठरवलं. त्यांना एसटीनं जायचं होतं. मी दोघींना स्टँडवर घेऊन गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या पुतळाबाई मला म्हणाल्या, "वॉर्डातली बातमी टि... टिकायची नाही. लोकांना वाटेल, कुणी वेडी बाई आली होती. तू नीट सांग. आम्ही दोघी गे... गेल्यावर. आणि सांगशील तेव्हा आधी हिचं नाव."

झालंही तसंच. आठवडाभर मिरजेत थोडी कुजबुज झाली आणि विरली. सगुणाबाई शहाऐंशी साली गेल्या, पुतळाबाई त्यानंतर चार वर्षांनी. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत संस्थानिकाची गोष्ट पुन्हा छापून आली, आणि 'तो अमर आवाज' असंही. मी कात्रण ठेवलं नाही.

त्या दिवशी स्टँडवर शेवटी कोल्हापूरची गाडी लागली. मी गर्दीतून दोघींना जागा मिळवून दिली आणि खाली उतरून त्यांच्या खिडकीशी उभी राहिले. कंडक्टर गाडी सुटण्याआधीच तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला. मी खिडकीतून हात घालून पैसे पुढे करणार, तोच पुतळाबाईंनी माझा हात बाजूला केला.

"दोन को... को... को..."

जबडा ओढला गेला, डोळे मिटले. मागचा माणूस म्हणाला, "चला की, बाई." शेजारी सगुणाबाई होत्या. त्यांनी नुसता सोबतीला एक शब्द धरला असता तर वाट मोकळी झाली असती, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. सगुणाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि त्या माझ्याकडे बघू लागल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण ओठ त्यांनी उघडले नाहीत.

कंडक्टरनं पेन्सिल कानामागे खोचली. "सावकाश सांगा, मावशी," तो म्हणाला. "गाडी काय पळून जात न्हाई."

"दोन को... कोल्हापूर," पुतळाबाई म्हणाल्या.

त्यानं दोन तिकिटं फाडून त्यांच्या हातात दिली आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.